पुळणीखालचा आजा

गुणवंती मासे कापायला बसली की गिऱ्हाइकं जरा लांब उभी राहत. तिचा हात जड होता. सुरमईचं डोकं एका घावात वेगळं व्हायचं, आणि कोणी मध्येच बोट दाखवून "हा तुकडा नको, तो दे" म्हणालं, तर ती कोयता वर धरूनच त्याच्याकडे बघायची. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेटीवर एकदा एका दलालानं तिची टोपली पायानं सरकवली. तिनं कोयत्याची पाठ त्याच्या मनगटावर उतरवली. हाड मोडल्याचा आवाज शेजारच्या बायकांनी ऐकला. गुणवंतीनं मान वर केली नाही. पुढचा मासा ओढला आणि खवले काढायला घेतले.

लिलाव आटोपल्यावर ती टोपली घेऊन आमच्या आळीत यायची. आमच्या पायरीवर टेकून पाणी मागायची. पुढं जे सांगतो आहे त्यातलं काही मी स्वतः पाहिलं, आणि बाकीचं तिनंच त्या पायरीवर बसून सांगितलं.

ती मूळची बुरोंडीची. मारकुटेपणा बापाकडून आला, असं ती स्वतःच म्हणे. तिचा बाप विठू पोरांना माडाला बांधून सुंभानं फोडायचा. बायकोच्या कानाचा पडदा त्यानं फाडला होता. नारळी पुनवेला सगळा गाव समुद्राला नारळ घालायचा, आणि विठू दारू पिऊन त्याच समुद्राला दगड मारत किनाऱ्यावर फिरायचा. कोणी त्याला अडवत नसे. सगळ्यांना कारण ठाऊक होतं, निदान तसं वाटत होतं. विठू लहान असताना त्याचा बाप खंडू समुद्रात गेला होता. खंडू रत्नागिरीच्या एका व्यापाऱ्याच्या मचव्यावर खलाशी होता. दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती त्या काळात एका पावसाळ्यात तो गावी न येता रत्नागिरीलाच राहिला, आणि परतताना होडी उलटून बुडाला, असं त्याच्याबरोबरच्या खलाशानं येऊन सांगितलं. प्रेत मिळालं नाही. खंडूच्या बायकोनं, हौसानं, दर्भाचा पुतळा करून जाळला आणि कुंकू पुसलं. घरात एवढीच गोष्ट होती.

गुणवंती लग्न होऊन मिरकरवाड्यात आली. नवऱ्यानं पहिल्या वर्षी एकदा हात उचलला, तेव्हा तिनं चुलीतलं जळतं लाकूड त्याच्या दंडाला लावलं. पुन्हा त्यानं उचलला नाही. तो काविळीनं गेला. मुलगा अजिंक्य ट्रॉलरवर जायला लागला. तोही आईसारखाच, चटकन भडकणारा.

अठ्ठ्याण्णव सालचा दसरा झाला होता. आमच्या आळीच्या टोकाला, समुद्राच्या बाजूला यमुनाबाई राहायच्या. गुडघे गेल्यानं त्या ओसरीवरून हलत नसत. गुणवंतीकडून बांगडे घेताना त्यांनी सहज विचारलं, तुझं माहेर कुठलं. बुरोंडी म्हटल्यावर, कोणाची, म्हणून विचारलं. गुणवंतीनं बापाचं नाव सांगितलं, आज्याचं सांगितलं. खंडूचं नाव ऐकून यमुनाबाईंनी हातातले बांगडे परत टोपलीत ठेवले आणि आज नको म्हणाल्या.

पुढचे काही दिवस त्या तिला बघून आत तोंड फिरवत. मग एका दुपारी त्यांनीच हाक मारून तिला बसवून घेतलं.

"बाय, तुज्या आज्याला समुद्रानं नाय नेला," त्या म्हणाल्या. "त्याला मारला. माज्या डोळ्यांदेखत."

त्यांनी सांगितलं ते असं. लढाईच्या दिवसांत बाहेरून येणारा तांदूळ बंद झाला होता. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या, समुद्र बंद, खलाशांच्या पोटात काही नाही. बंदराजवळ व्यापाऱ्याची वखार होती आणि त्या वखारीत आढ्यापर्यंत तांदळाची पोती होती. भाव चढायची वाट बघत ती तशीच ठेवली होती. वखारीच्या दारासमोर यमुनाबाईंचं खोपट होतं. त्या तेव्हा दहा-अकरा वर्षांच्या असतील. श्रावणातल्या एका सकाळी खलाशी वखारीत घुसले. व्यापाऱ्याची माणसं कोयते आणि पहारी घेऊन धावत आली आणि त्यांनी बाहेरून दार धरलं. मग एक फळी उघडून ते एकेकाला बाहेर येऊ देत होते, आणि जो बाहेर येईल त्याला उंबऱ्यावरच तोडत होते. आतल्यांना बाहेरच्या किंकाळ्या ऐकू येत होत्या, पण आत धूर केला होता, त्यामुळे थांबता येत नव्हतं. खंडू शेवटी आला. पाठीवर पोतं होतं. पहिला घाव गुडघ्यावर बसला. तो खाली बसला तरी पोतं सोडेना. मग त्याच्या डोक्यात पहार घातली.

प्रेतं पावसात पडून राहिली. व्यापारी साठ्याची चौकशी होईल म्हणून पळाला. ओल्या लाकडांनी सरणं कोण रचणार, आणि ओळख सांगायला पुढं कोण येणार? दोन दिवसांनी फुगलेली प्रेतं बैलगाडीत एकावर एक टाकली, आणि सुरूच्या झाडांपलीकडे किनाऱ्याच्या वाळूत, पुळणीत, एकच खड्डा काढून त्यात लोटली. बुरोंडीचा जो खलाशी आत न शिरल्यानं वाचला त्यानं गावात बुडाल्याचं सांगितलं. नाहीतर पोलीस गावात आले असते, आणि पोराच्या कपाळी चोराचा पोर असा शिक्का बसला असता.

"फुटलेल्या पोत्यातला तांदूळ चिखलात सांडला व्हता," यमुनाबाई म्हणाल्या. "आयशीनं तो गोळा केला. धुतला. पाणी लाल व्हत व्हतं, म्हणून पुन्ना पुन्ना धुतला. तो भात मी खाल्ला. म्हणून तुला सांगितलं."

गुणवंती त्या दिवशी टोपली आमच्या पायरीवर तशीच ठेवून निघून गेली. मासे संध्याकाळपर्यंत सडले.

दुसऱ्या दिवसापासून तिनं तो खड्डा शोधायला घेतला. यमुनाबाईंना खुर्चीसकट रिक्षात घालून ती किनाऱ्यावर घेऊन गेली. सुरूची झाडं केव्हाच तुटली होती. वखारीच्या जागी घरं झाली होती. यमुनाबाईंनी जुन्या दीपमाळेचा अंदाज घेत, समुद्र कुठल्या बाजूला दिसायचा ते आठवत, एका जांभ्याच्या गडग्याकडे, दगडी कुंपणाकडे, हात केला. गडग्याच्या आत मोकळी जागा होती आणि तिथं बर्फाचा कारखाना होणार होता. मालक मुंबईला असायचा. मुकादमानं गुणवंतीला ऐकून घेतलं आणि हसून सांगितलं की इथं काही नाही, वाळू आहे. ती अजिंक्यला घेऊन गेली. सरकारी कचेरीत गेली. पन्नास वर्षांपूर्वीची बेवारस प्रेतं मासे विकणाऱ्या एका बाईला कशाला हवीत, हे कोणालाच कळेना. मीही तिला म्हटलं होतं की पुतळा जाळला आहे, गती मिळाली असेल. ती म्हणाली, पुतळ्याला कोणी मारलं नव्हतं.

नव्व्याण्णवच्या मे महिन्यात पावसाआधी पाया भरून घ्यायचा म्हणून तिथं खोदाई सुरू झाली. गुणवंती जेटीवरून थेट तिकडे जाऊन गडग्यावर बसू लागली. पुळण उपसली जात होती आणि डंपर ती वाळू धक्क्याच्या भरावात नेऊन ओतत होते. एका सकाळी ती पोहोचली तेव्हा डंपर भरून निघाला होता. त्याच्या चाकांपुढच्या वाळूतून एक जबडा वर आला होता, दातांसकट. त्याच्यामागे लांब हाडं, काटक्यांसारखी.

ती डंपरपुढं जाऊन उभी राहिली. मुकादमानं तिला बाजूला व्हायला सांगितलं, मग दंड धरून ओढलं, मग छातीवर धक्का देऊन पाडलं. ती उठली ती टोपलीतला कोयता घेऊनच. मुकादमानं तोंड वाचवायला हात पुढं केला. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं वाळूत पडली.

मजुरांनी तिला फावड्यांच्या दांड्यांनी घेरून मारलं. तिच्या खांद्याचं हाड मोडलं, पुढचे दात गेले. ती जबड्याच्या बाजूलाच पालथी पडली होती, आणि मारणाऱ्यांचे पाय हाडांवरच पडत होते. कोणीतरी जेटीवर बातमी नेली. अजिंक्य आणि ट्रॉलरवरची माणसं लोखंडी सळया घेऊन आली. मजूर पळाले. डंपरचा ड्रायव्हर, विजापूरकडचा एक पोरगेला माणूस, काचा लावून आत बसला होता. त्यानं कोणाला हात लावला नव्हता. अजिंक्यनं काच फोडून त्याला बाहेर ओढलं, जमिनीवर पाडलं, आणि तो हात जोडत असताना सळई त्याच्या तोंडावर घातली. पुन्हा घातली. त्याचा एक डोळा तिथंच गेला. गुणवंती वाळूत गाल टेकून ते बघत होती. त्या वेळी तिला बरं वाटलं, असं तिनं मला नंतर सांगितलं.

पोलीस आले. मायलेकांना धरून नेलं. आता खड्ड्याकडे दुर्लक्ष करणं कोणालाच शक्य नव्हतं. हाडं गोळा करून गोणपाटात भरली आणि दवाखान्यामागच्या एका खोलीत ठेवली. पेपरात चार ओळी आल्या.

मायलेक जामिनावर सुटून आले तेव्हा गुणवंती एका खांद्यानं वाकडी झाली होती. पाऊस संपता संपता एक दिवस सावर्ड्याहून देवदत्त नावाचा माणूस तिच्या दारात आला. चाळिशीचा असेल, बाजारात त्याचं भांड्यांचं दुकान होतं. पेपरात खंडूचं नाव वाचून आला होता. त्यानं सांगितलं की त्या हाडांत त्याच्या आईचा बाप आहे. गुणवंतीनं त्याला आत बसवलं, पाणी दिलं. खलाशांपैकी कोणाचा तरी नातू असेल, असं तिला वाटलं.

"खलाशी नव्हे," देवदत्त म्हणाला. "वखारीचा पहारेकरी. रावजी. तुमच्या आज्यानं वल्ह्यानं त्याचं डोकं फोडलं."

गुणवंतीनं शेजारचा पाण्याचा तांब्या उचलून त्याच्या कपाळावर मारला. तो भिंतीला आपटून खाली बसला. रक्त भुवईवरून गळ्यात उतरलं. अजिंक्य आतून धावून आला तेव्हा देवदत्तनं खांद्यावरचा पंचा जखमेवर धरला आणि बसल्या जागेवरूनच सांगितलं, की मारायचं असेल तर मारा, पण हाडं तुम्ही एकट्यानं न्यायची नाहीत. त्याची आजी मरेपर्यंत खंडूचं नाव घेऊन एकच गोष्ट सांगत होती. नदीला पूर होता म्हणून ती नवऱ्याचं प्रेत घ्यायला येऊ शकली नाही, आणि पूर उतरून ती पोहोचली तेव्हा त्याला चोरांबरोबर पुरून टाकलं होतं.

गुणवंती तडक यमुनाबाईंकडे गेली. देवदत्त खोटं बोलतो आहे एवढंच तिला ऐकायचं होतं.

"मला वाटलं, तुला सांगून काय करू," यमुनाबाई म्हणाल्या. "पयला घाव तुज्या आज्याचाच."

खलाशी तांदूळ मागायला आले होते. रावजी एकटाच दारात होता. मालक नाही, मी देऊ शकत नाही, माझीही पोरगी उपाशी आहे, असं तो म्हणत होता. मग कुलूप घालायला तो पाठमोरा वळला. खंडूनं वल्हं दोन्ही हातांनी वर घेतलं आणि त्याच्या डोक्यात घातलं. रावजी पडला. त्यानं हात जोडले. खंडू मारतच राहिला. बाकीच्या खलाशांनी त्याला ओढून बाजूला केलं तेव्हा रावजीचं तोंड कुठलं आणि चिखल कुठला हे कळत नव्हतं. त्यानंतर खलाशी आत घुसले.

"त्यानं हात जोडले व्हते?" गुणवंतीनं पुन्हा विचारलं.

यमुनाबाईंनी होकारार्थी मान हलवली.

त्या दिवशी गुणवंती माझ्या पायरीवर येऊन बसली आणि पहिल्यांदाच त्या ड्रायव्हरबद्दल बोलली. त्याचं नाव काय, तो कुठं आहे, मला माहीत आहे का, असं तिनं विचारलं. मला माहीत नव्हतं. खंडू कसा दिसत असेल याचा तिनं वर्षभर विचार केला होता. आता तो तिला रोज दिसत होता, असं ती म्हणाली. तो अजिंक्यसारखा दिसत होता.

चारेक दिवसांनी ती एस.टी.नं सावर्ड्याला गेली. एकटीच. देवदत्तच्या अंगणात त्याची आई सावित्री सुपारी सोलत बसली होती. रावजीची मुलगी ती हीच, उपाशी होती ती. आता पासष्टीची. गुणवंतीनं आपलं नाव सांगितलं, खंडूची नात म्हणून सांगितलं, आणि तुझ्या बापाला माझ्या आज्यानं मारलं ते खरं आहे, असं सांगितलं.

सावित्री उठली. बाजूला गुरांना हाकायची काठी होती, ती घेतली आणि गुणवंतीला मारायला लागली. पाठीवर, दंडावर, त्या मोडलेल्या खांद्यावर. देवदत्त दुकानातून धावत आला, पण आईजवळ जायची त्याची छाती होईना. म्हातारी मारता मारता बोलत नव्हती, रडतही नव्हती. गुणवंतीचा हात दोनदा वर आला. तो तिनं खाली नेऊन साडीत गच्च धरला. जन्मात पहिल्यांदा तिनं उगारलेला हात आवरला होता, आणि तो आवरलेला हात खांद्यापेक्षा जास्त दुखला, असं ती म्हणायची. काठी मोडली तेव्हा सावित्री दम लागून खाली बसली.

हाडांबद्दल बोलणं त्यानंतर झालं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की सहा-सात माणसांची हाडं एकमेकांत मिसळली आहेत, डंपरखाली पुष्कळशी मोडली आहेत, कोणाचं काय हे सांगता येणार नाही. देवदत्तनं ते आईला समजावलं.

"येगळं करता आलं असतं, तर केलं असतं," सावित्री म्हणाली. "माज्या बापाला त्याच्याबरोबर जाळायचा नव्हता. पण जाळायला तर पायजे."

दोघांनी मिळून अर्ज केला. दोन हजार सालच्या थंडीत गोण्या ताब्यात मिळाल्या. बाकीच्या खलाशांचं कोणी आलं नाही. ते कुठल्या गावचे हेही कोणाला ठाऊक नव्हतं. स्मशानात एकच सरण रचलं. मी तिथं होतो. गोण्या उलट्या केल्या तेव्हा वाळूही पडली. कवट्यांपैकी एकीलाच कपाळापासून मागपर्यंत आकार होता. बाकीच्यांचे तुकडे होते. ती कोणाची असेल, याचा विचार तिथं उभ्या प्रत्येकानं केला असणार. देवदत्त आणि अजिंक्यनं दोन बाजूंनी अग्नी दिला. अजिंक्य मध्येच पुटपुटला की ज्यांनी पणज्याला मारलं, त्या वखारीच्या माणसांबरोबर उभं राहायचं ही कसली रीत. गुणवंतीनं सगळ्यांसमोर त्याच्या कानाखाली वाजवली. जाळ लागला होता, वारा समुद्रावरून येत होता, आणि तो गाल धरून आईकडे बघत राहिला.

पण खरं त्यांचं तुटलं ते नंतर. मुकादमाच्या बोटांचा खटला आणि ड्रायव्हरच्या डोळ्याचा खटला असे दोन वेगळे चालले. पहिल्यात वकिलानं गुणवंतीला सांगितलं होतं, जीव वाचवायला हात फिरवला म्हण. मुकादमानं धक्का दिल्याचं तिनं सांगितलं, आणि बोटं मी शुद्धीत तोडली हेही सांगितलं. तिला वर्षभराची शिक्षा झाली, ती तिनं भोगली. दुसऱ्या खटल्यात ट्रॉलरवरच्या सगळ्यांनी ठरवून घेतलं होतं की ड्रायव्हर पळताना काचेवर पडला. गुणवंतीला साक्षीला बोलावलं. तिकडं तो ड्रायव्हर डोळ्यावर फडकं बांधून बसला होता. मला वाटतं, तो तिला पहिल्यांदा तिथंच नीट दिसला.

"तो खाली पडला व्हता," ती म्हणाली. "हात जोडत व्हता. माज्या पोरानं तेव्हा मारला."

अजिंक्यला तीन वर्षांची शिक्षा झाली. कोर्टाच्या पायरीवर त्यानं आईला एवढंच सांगितलं की तू माझ्यासाठी मेलीस. सुटल्यावर तो मिरकरवाड्यात आला नाही. गुजरातकडच्या बोटींवर गेला असं कळलं. मिरकरवाड्यातल्या कित्येकांनी तिच्याकडून मासे घ्यायचं सोडलं. एका रात्री तिची झोपडी कोणीतरी पेटवली. शेजाऱ्यांनी विझवली, पण कोणी पेटवली हे कोणी सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. ती दुसऱ्या दिवशी काळ्या पडलेल्या भिंतीला पाठ लावून मासे कापायला बसली. हात तसाच जड होता. गिऱ्हाईक कुरकुरलं तर अजूनही शिवी हासडायची.

दर सर्वपित्रीला ती सावर्ड्याला जायला लागली. पहिल्या वर्षी सुकटाची पुडी घेऊन गेली. सावित्रीनं ती घेतली आणि तिच्यासमोरच कुत्र्याला घातली. दुसऱ्या वर्षीही तसंच. गुणवंती अंगणात बसायची, चहा कोणी विचारत नसे, मग ती परतीची गाडी पकडायची.

त्यापुढच्या वर्षी मी चिपळूणला कामाला निघालो होतो, तेव्हा तिच्याबरोबर सावर्ड्याला उतरलो. सावित्री आता अंथरुणावरच होती, डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. गुणवंतीनं पुडी उशाशी ठेवली. म्हातारीनं ती चाचपली, नाकाशी नेली आणि सुनेला हाक मारली. सूनबाई आली तेव्हा तिनं पुडी तिच्या हातात दिली आणि भाजताना खोबरं जास्त घाल म्हणाली. मग भिंतीकडे तोंड करून झोपली.

गुणवंती तिच्या पायाशी बराच वेळ बसून होती. आतून सुकट भाजल्याचा वास आला तशी ती उठली, आणि आम्ही स्टँडकडे चालत निघालो.